राज्यघटना पुढे ढकलली, त्याची गोष्ट

(दृश्य : तेल अवीवचं संग्रहालय, जुनी छायाचित्रं)

१४ मे १९४८, शुक्रवार. संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होणार, त्याआधी सगळं उरकायला हवं. पुढे पहिले पंतप्रधान झालेले डेव्हिड बेन-गुरियन इस्रायलच्या स्थापनेचा जाहीरनामा वाचतात. त्यात एक वचन आहे : निवडून आलेली घटना समिती १ ऑक्टोबरपर्यंत राज्यघटना स्वीकारेल.

पण युद्ध पेटलं आणि तारीख उलटून गेली. जानेवारी १९४९ मध्ये घटना समिती निवडून आली खरी, पण पहिल्या बैठकीनंतर दोनच दिवसांत तिने स्वतःला क्नेसेट, म्हणजे संसद, म्हणवून घेतलं.

(दृश्य : १९५० ची क्नेसेट)

खरी खडाजंगी झाली १९५० मध्ये. धार्मिक पक्षांचं म्हणणं सरळ होतं : ज्यू लोकांची घटना म्हणजे तोरा, त्यांचा धर्मग्रंथ. माणसांनी दुसरी लिहायला घेतली, तर समाज उभा दुभंगेल. समोरून उजवे विरोधी नेते मेनाहेम बेगिन आणि डावा मापाम पक्ष, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, एका सुरात विचारत होते : दिलेल्या वचनाचं काय?

बेन-गुरियन म्हणाले, लोक अजून बोटींनी येताहेत. आज इथे आहेत त्यांनी उद्या येणाऱ्यांना का बांधून ठेवायचं? मुद्दा खोटा नव्हता. काही वर्षांतच ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली. पण १२० जागांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाकडे ४६ जागा होत्या आणि सरकार टिकवायला धार्मिक आघाडीच्या १६ जागा लागत होत्या, हेही तितकंच खरं.

१३ जून १९५० ला खासदार इझहार हरारी यांचा ठराव ५० विरुद्ध ३८ मतांनी मंजूर झाला. राज्यघटना एकदम नको, प्रकरणा-प्रकरणाने लिहू. प्रत्येक प्रकरण एक ‘मूलभूत कायदा’. मुदत मात्र घातली नाही. त्याच वर्षी २६ जानेवारीला, फाळणीच्या जखमा ओल्या असताना लिहिलेली भारताची राज्यघटना अमलात आली होती.

वाद टळला. त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहायला आपल्या कोकणात यावं लागतं.

(दृश्य : अलिबागजवळचं नवगाव)

बेने इस्रायल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावाने ज्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं, ते मराठी बोलणारे ज्यू. १९४८ नंतर हजारोंनी घरदार आवरून ते इस्रायलला गेले. तिथे लग्न-घटस्फोटाचा अधिकार धर्मपीठांच्या हाती होता. ज्यूंसाठी १९५३ च्या कायद्याने तो रब्बींकडेच, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडेच, ठेवला. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला : बेने इस्रायलचं लग्न लावण्याआधी आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासा.

विचार करा. शतकानुशतकं ज्या ओळखीवर जगलो, ती आता आजीच्या नावानिशी सिद्ध करायची! आणि दाद मागायला हातात समतेचा लिखित हक्क नाही. लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटला खास बैठक घेऊन सांगावं लागलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. मगच आदेशातून त्यांचं नाव गेलं. राज्यघटनेचं काम रस्त्यावर बसलेल्या माणसांना करावं लागलं, असं मला वाटतं.

(दृश्य : सर्वोच्च न्यायालय, जेरुसलेम)

मानवी प्रतिष्ठेचा मूलभूत कायदा आला तो थेट १९९२ मध्ये, ३२ विरुद्ध २१ मतांनी. ‘समता’ हा शब्द त्यात नाही. न्यायालयाचे अधिकार कमी करणारी मूलभूत कायद्यातली दुरुस्ती १ जानेवारी २०२४ ला न्यायालयानेच रद्द केली, ८ विरुद्ध ७ अशा निसटत्या बहुमताने.

लग्नाचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे. १९९२ च्या कायद्याचं दहावं कलम म्हणतं, आधीच्या कायद्यांना धक्का नाही. म्हणून १९५३ चा कायदा शाबूत आहे, आणि ज्यांचं लग्न रब्बी लावत नाहीत अशी जोडपी आजही सायप्रसला जाऊन नोंदणी विवाह करतात.