टर्बोवर शेवटी या

नमस्कार मंडळी. लेझीम जरा लांबलं, त्यामुळे माझ्या वेळाला कात्री लागलीय असं सेक्रेटरीताईंनी आत्ताच कानात सांगितलं, तरी विषय तोच, टर्बो स्नोमोबिलचं इंजिन दगा द्यायला लागलं तर नक्की कुठून बघायला सुरुवात करायची. ज्यांच्याकडे स्लेड, म्हणजे स्नोमोबिल, नाही त्यांनीही ऐका, मिनेसोटात राहता तर शेजारी कुणीतरी पिडणारच आहे.

कारण हे राज्यच मुळात स्लेडचं. स्लेड बनवणारी पोलारिस कंपनी रोझोची, तशीच आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस, एडगर हेटीन. १९६० साली साथीदार घेऊन अलास्कातून हजार मैलांच्या वर स्नोमोबिल हाकत गेला, नंतर लवकरच पोलारिस सोडली आणि जवळच्याच गावात दुसरी कंपनी काढली. एक मंडळ फुटून दुसरं मंडळ निघतं ही काय फक्त आपलीच परंपरा नाही! (हशा) हसा, पण मागच्या रांगेतले कोण हसले नाहीत तेही मी बघितलंय.

तर टर्बो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, दहा हजार फुटांवर जेमतेम १०. म्हणजे साध्या इंजिनाची तीस टक्के ताकद डोंगर चढता चढताच गेली. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबतो आणि ती भरून काढतो. आधी लोक बाहेरून किट बसवून घ्यायचे, मग २०२० मॉडेलला स्की-डूने ८५० सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनावर फॅक्टरीतूनच टर्बो दिला, आठ हजार फुटांपर्यंत पुरे १६५ हॉर्सपॉवर. आणि तेव्हापासून माझी तक्रार सुरू होते, की स्लेडला सर्दी जरी झाली तरी नाव टर्बोचंच! पिकअप नाही, टर्बो गेला. मिसिंग मारतेय, टर्बो गेला. अहो, त्या बिचाऱ्याला इंजिनाने एक्झॉस्ट दिला तर तो फिरणार, जाळीतून हवा आली तर तो दाबणार, त्याच्या हातात आहे काय?

आमच्या ग्रुपमधल्या एकाचं ऐका. दरवर्षी आम्ही ट्रेलर जोडून मोंटानात कुक सिटीला जातो, हिवाळ्यात रस्ता तिथेच संपतो, गावच साडेसात हजार फुटांवर. याची स्लेड सकाळी खाली एकदम कडक, वर भुसभुशीत बर्फात दोन उतार झाले की फुल थ्रॉटलला भसकन बसायची. अर्ध्या थ्रॉटलला ठीक, पूर्ण दाबला की आरपीएम खाली. संध्याकाळी गॅरेजात नेली की पुन्हा कडक! एका दुकानवाल्याला फोन केला, नाव घेत नाही, त्याने स्लेड न बघता फोनवरच निकाल दिला, टर्बो बदला, काही हजार डॉलर. मित्राने कार्ड बाहेर काढलंही होतं. आमच्यात एक सोलापूरकडचा आहे, बापाचं ट्रॅक्टरचं गॅरेज, तो म्हणाला थांब रे, जिथे बिघडते तिथेच बघू. दुसऱ्या दिवशी वरती, बसली तशीच बंद केली आणि साइड पॅनल काढलं. हवेची जाळी बाहेरून स्वच्छ! याने हातमोजा काढून जाळीच्या मागे बोट फिरवलं तर आतून बशीएवढा बर्फाचा पापुद्रा. पावडर आत खेचली जायची, इंजिनाच्या उबेने वितळायची आणि परत जाळीलाच गोठून बसायची. अर्ध्या थ्रॉटलला उरलेल्या भोकांतून काम भागायचं, पूर्णला इंजिन गुदमरायचं. आणि उबदार गॅरेजात तो पुरावा रात्रीत पाणी होऊन जायचा, मग मेकॅनिकला काय सापडणार, कपाळ? पापुद्रा खरवडला, स्लेड पळाली, त्या दुकानवाल्याने अजून... बरं बरं, चिठ्ठी आली, पाच मिनिटं.

मग पटापट. आधी स्वतःला विचारा, आरपीएम चढतात का. चढतात पण स्लेड जागची हलत नाही, तर बेल्ट किंवा क्लच, इंजिनाला हात लावू नका. बेल्ट चकचकीत झालाय का बघा. आरपीएमच चढत नसतील तर बूस्ट, म्हणजे टर्बो हवा किती दाबतोय, ते बघा. बूस्ट कमी असेल तर आधी ती हवेची जाळी, मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप आणि त्यांच्या क्लिपा, जोडावर तेलकट ओघळ दिसला की हवा तिथूनच पळतेय. थंडीत रबर कडक होतं, शिवाय क्लिपही ढिली पडते, हे फार कॉमन आहे.

बूस्ट बरोबर आणि तरी अडखळते? पेट्रोल आणि स्पार्क. ९१ ऑक्टेनच, आणि मागच्या सीझनचं उरलेलं तर नाहीच नाही. टाकीत दव धरून पाणी उतरतं, ते लाइनमध्ये गोठतं. प्लग काढून उजेडात धरा, काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमी. पांढराफटक आणि पोर्सेलिनवर बारीक चमकते कण दिसले तर तिथेच थांबा, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, नॉकिंग झालंय, म्हणजे पेट्रोल आत नीट न जळता दणके देत फुटलंय, पुढे हाकलात तर इंजिनच खोलावं लागेल. मग दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून मोजा, आकडा किती यापेक्षा दोघांत फरक किती ते बघा.

हे सगळं नीट निघालं तरच टर्बो. तोही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवा, पाती घराला घासत असतील तर दुकानवाल्याला खुशाल पैसे द्या.

झालं हो ताई, संपवतो! फोर-स्ट्रोकवाल्यांचं राहिलंच, तुमच्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या, नळीत वाफ गोठून बूच बसतं आणि आतलं प्रेशर सील ढकलून ऑइल बाहेर काढतं, त्यावर वेगळं बोलायला पाहिजे, जेवताना गाठा मला. आणि फोटो दाखवून निदान मागू नका, स्लेड कुठे, कधी आणि किती थ्रॉटलला बसते ते लिहून आणा.