काटकोनात वजा कुठून आला?

मंडळी, बेळगावच्या माणसाला रेषेबद्दल सांगायला उभं राहणं म्हणजे आगाऊपणाच. 1956 पासून आपण एकाच रेषेवर बोलतोय. (हशा) ती सरळ असती तर निदान तिचा चढ तरी काढला असता. असो, अध्यक्ष बघायला लागलेत.

माझी तक्रार जुनी आहे. दोन रेषा लंब असतील तर चढांचा (चढ म्हणजे उंची भागिले आडवं अंतर) गुणाकार वजा एक, हे पोरांना तोंडपाठ. "अपूर्णांक उलटा कर, चिन्ह बदल," झालं. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: परीक्षेला 'का' येत नाही. एका शिकवणीत मी हे स्वतः ऐकलंय.

खानापूरकडं आमच्या नात्यात घर बांधत होते. तिकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. सुतार म्हातारा, शाळा चौथीपर्यंत. त्याच्याजवळ फळीचा त्रिकोण: तळ दोन फूट, उंची एक फूट. त्या उतारानं वासे बसवलेले. आता वाशाला काटकोनात टेकू द्यायचा होता. मी मनात आकडेमोड करतोय, तोवर त्यानं तोच त्रिकोण पाव फेरी फिरवून उभा धरला, तिरप्या कडेनं रेघ ओढली आणि पेन्सिल कानावर. "मामा, काटकोन बघायचा गुण्या का घेत नाही?" तर म्हणाला, "गुण्या हाय की ओ, कुठं पडलाय कुणाला ठावं."

त्याचा नातू दहावीला. त्याला विचारलं, छपराची दोन्ही पाखी एकमेकांना काटकोनात आहेत का रे? "एक चढतंय, एक उतरतंय, वजा आलं की सर. काटकोनच." बघा! चिन्ह बदललं, उलटवायचं राहिलं. एक पाखं अर्धा, दुसरं वजा अर्धा, गुणाकार वजा पाव. आढ्याखालचा कोन साधारण 127 अंश. नुसती मान वर केली असती तरी दिसलं असतं. पण मान वहीत!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळत पळत.

त्रिकोण दोन पुढे, एक वर: चढ एक भागिले दोन. पाव फेरी फिरवला की दोनाची आडवी बाजू उभी होते, एकाची उभी बाजू आडवी होऊन मागे जाते. म्हणजे एक मागे, दोन वर: चढ वजा दोन. बाजूंची अदलाबदल झाली म्हणून अपूर्णांक उलटला, एक बाजू मागे गेली म्हणून वजा आला. बास.

ज्यांना बीजगणित हवं त्यांच्यासाठी: आरंभबिंदूतून म आणि न चढाच्या, एकमेकींना लंब अशा दोन रेषा काढा. एक पुढे गेल्यावर त्या म आणि न उंचीवर असतात. पायथागोरस लावा: 1 + म² + 1 + न² = (म − न)². वर्ग उडाले, उरलं 2 = −2मन. म्हणून म × न = −1. उलट दिशेनंही चालतं: गुणाकार −1 असेल तर रेषा लंब.

आडव्या रेषेचा चढ शून्य, उभीला चढच नाही. त्या जोडीला हा नियम लावू नका. आणि आलेखात दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं घ्या, नाहीतर गुणाकार बरोबर येतो, काटकोन मात्र कागदावर दिसत नाही आणि पोरगं नियमालाच खोटं ठरवतं. बाकीचे प्रश्न चहाला विचारा, हॉल आठला सोडायचाय.