चाल सिनेमाची, ठेका लालबागचा

(दृश्य: लालबागच्या उड्डाणपुलावरून दिसणारा खालचा रस्ता. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं.)

ऑगस्टमधला रविवार. गणपती बसायला अजून अवकाश आहे. पण परळ-लालबागच्या कारखान्यांतून मोठ्या मूर्ती मंडपांकडे निघाल्या आहेत. इथली मंडळं जुनी. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० सालचा, गणेश गल्ली १९२८ची, लालबागचा राजा १९३४चा. आगमनाला लोटणारी ही गर्दी मात्र अलीकडची. आणि या गर्दीतली निम्मी पोरं मूर्तीच्या पुढे काय वाजतंय, ते ऐकायला आलेली आहेत.

(दृश्य: हातगाडीवर जनरेटर, अँप्लिफायर, मागे बेंजो वादक. आवाज वाढू द्यावा. दहा सेकंद निवेदन नाही.)

याला कुणी बेंजो पार्टी म्हणतं, कुणी नुसतं ‘बीट्स’. अंगात एकसारखे टी-शर्ट, पाठीवर ग्रुपचं नाव, मोबाइलवर हजारो लोकांनी पाहिलेले व्हिडिओ. आणि दरवेळी एकच शेरा ऐकू येतो: यात वेगळं काय आहे? सिनेमाचीच गाणी, फक्त मोठ्याने वाजवलेली.

आम्हाला हे मान्य नाही. का, ते या टेबलावर पाहा.

(दृश्य: दुरुस्तीचं टेबल. उघडा बेंजो. सोल्डरिंगचा धूर. कळांवरून सावकाश फिरणारा कॅमेरा.)

लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि वर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने नखीने तार छेडायची. हे वाद्य मूळचं जपानचं. १९१२ मध्ये नागोयातल्या गोरो मोरिता यांनी ते बनवलं, तिथे त्याला ‘ताइशोगोतो’ म्हणतात. आपल्याकडे ते आलं आणि बुलबुलतरंग झालं, बोलण्यात बेंजो. बलुचिस्तानात त्याची पेटी मोठी झाली, सौराष्ट्राच्या डायऱ्यात, म्हणजे लोकगीतांच्या बैठकीत, ते रमलं, मुंबईच्या कव्वाली पार्ट्यांनी ते उचललं. गिरणगावात आल्यावर ते रस्त्यावर उतरलं, आणि रस्त्यासाठी त्याला वीज लागली.

म्हणून तारांखाली हा पिकअप, तारेचं कंपन विजेत बदलणारा. इथून वायर अँप्लिफायरला जाते. काही वादक मध्ये आवाजाचा पोत बदलणारा गिटारचा प्रोसेसर जोडतात. तार गंजली की सूर बसतो, पावसात तर लवकरच. त्यामुळे प्रत्येक पार्टीत तार बदलणारा, कळांच्या स्प्रिंगा सरळ करणारा एक तरी माणूस असतोच. ही विद्या कुठल्या संगीत विद्यालयात मिळत नाही. मोठ्याचा हात बघत धाकटा शिकतो.

(दृश्य: वादकाचा उजवा हात, अगदी जवळून.)

आता हा हात पाहा. कळेवर मींड येत नाही, सूर घसरत नाही, तुटतो. गायकाची लांब ओढलेली तान बेंजोवर तशीच्या तशी बसूच शकत नाही. मग वादक ती फोडतो. एकेका सुरावर भराभर आघात करतो, आणि जिथे गायक श्वास घेतो तिथे हा स्वतःची एक लहानशी जागा घेतो. सिनेमाचं गाणं इथेच अर्धं बदललेलं असतं.

उरलेलं अर्धं बदलतात हे.

(दृश्य: गच्चीवरचा सराव. गोलात ताशा, कच्छी ढोल, नाशिक ढोल, कोंगो, ऑक्टापॅड.)

मुखडा साध्या चार मात्रांत चाललाय. कडवं येतं. ताशावाला तोडा, म्हणजे ठेका तोडणारा छोटा तुकडा, टाकतो, एक क्षण सगळं थांबतं, आणि पुढच्या आघाताला सगळे सहा मात्रांच्या कोळी ठेक्यावर उतरतात. गाणं तेच आहे. पण मघाशी खांदे हलत होते, आता कंबर हलते. पुढच्या कडव्याला नाशिक ढोल पुढे येईल आणि पायांना उडी मिळेल. एका गाण्यात ठेका दोन-तीनदा बदलतो, आणि तो कधी बदलायचा हे नुसत्या गाण्यावर ठरत नाही. समोर नाचणारे दमले की लय उतरवायची, चौक आला की चढवायची. ताशावाल्याची नजर सतत नाचणाऱ्यांच्या पायांकडे असते. कुणाचीही नजर कागदाकडे नसते, कारण कागद नाहीच.

रोलंड कंपनीचा ऑक्टापॅड १९८५ मध्ये आला. आठ चौकोन, प्रत्येकात एक आवाज भरायचा. स्टुडिओत तो ड्रमसेटची उणीव भरून काढायला वापरतात. ही मुलं त्याच्यावर ताशाला उत्तर देतात.

(दृश्य: जुन्या गिरणीची चिमणी, शेजारी नवे टॉवर. चाळीचा जिना.)

हे ठेके इथे एकत्र कसे आले, ते या चाळींना विचारावं. वरळी कोळीवाडा इथून फार लांब नाही. रत्नागिरीचे गिरणी कामगार जाखडी घेऊन आले, साताऱ्या-कोल्हापूरकडचे लेझीम आणि हलगी घेऊन आले. एका जिन्याच्या दोन बाजूंना दोन जिल्हे राहत होते. १८ जानेवारी १९८२ला संप झाला, गिरण्यांचा भोंगा पुढे बंदच पडला. गल्लीतले ठेके वाजत राहिले.

(दृश्य: पुन्हा मिरवणूक. कॅमेरा हातगाडीच्या उंचीवर.)

तरी एक प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. बेंजो गुजरातेत वाजतो. नाशिक ढोल नाशिककडचा. हैदराबादच्या लग्नात मरफा वाजतो. तिथल्या सिद्दी आणि येमेनी अरब घराण्यांनी जपलेला तो ताल, आणि त्यावरही रस्ता असाच थरारतो. मग गिरणगावचं असं काय राहिलं?

सुटे भाग बघितले तर काहीच नाही. पण डायऱ्यातला बेंजो बैठकीत वाजतो, समोरचा श्रोता बसलेला असतो. इथला बेंजो चालतो. पुढे नाचणारे, मागे मूर्ती, मध्ये हातगाडी, आणि हे तिन्ही एकाच वेगाने सरकले पाहिजेत. ठेका वाढला की गर्दी थांबून नाचते आणि मूर्ती अडकते, ठेका उतरला की रस्ता वाहायला लागतो. एवढी मोठी मिरवणूक चौकातून वळवायचं काम ताशावाला करत असतो. बैठकीच्या, लग्नमंडपाच्या, स्टेजच्या कुठल्याच संगीताला हे काम करावं लागत नाही, आणि या वादनाचा सगळा घाट त्या कामातून आलेला आहे. आमच्या मते वेगळेपण सिद्ध व्हायला एवढं पुरे.

(दृश्य: रात्र. पोलीस व्हॅन. वादक वायरी गुंडाळताहेत.)

रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००५चा. वर्षातले ठरावीक दिवस सवलत मिळते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि मिरवणूक ती केव्हाच ओलांडते. आजूबाजूला म्हातारी माणसं राहतात, तान्ही मुलं असतात, आणि या वादकांचे स्वतःचे कानही तिथेच असतात.

(दृश्य: वादकाच्या बोटांना चिकटपट्टी. चेहरे, एकेक करून.)

यातली बरीच मुलं दिवसा नोकरी करतात. दहीहंडी, गणपती, नवरात्र, मग हळदी आणि लग्नं. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत वाद्यं माळ्यावर.

(दृश्य: हळदीचा मांडव. डीजेचा लॅपटॉप, पडद्यावर ध्वनिलहरी.)

आणि हे शेवटचं. ज्या डीजेमुळे बेंजो संपेल असं सगळे म्हणत होते, तो डीजे आता काय वाजवतोय ऐका. बेंजोचा तुकडा, त्याच्याखाली कच्छी ठेका, मग ताशाचा तोडा, आणि तोड्यानंतरची ती थांबायची जागासुद्धा. मिरवणुकीत कुणीतरी मोबाइलवर टिपलेला आवाज कापून, साफ करून त्याने लॅपटॉपमध्ये भरला आहे. फाइलवर डीजेचं नाव आहे, मूळ गाण्याचं नाव आहे. ताशावाल्याचं नाव कुठेच नाही, आणि त्याला त्याचे पैसेही मिळालेले नाहीत.