साचे मोडीत गेले, तबकड्या उरल्या: बंद पडलेल्या कंपन्यांचे जॅझ कोकणात जपताना

नमस्कार. मी वेंगुर्ल्याहून बोलते आहे. माझ्या हातात जी काळी तबकडी आपल्याला दिसते आहे ती दहा इंची आहे, मिनिटाला ७८ फेरे घेते, आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावते. गिरगावात आयुष्य काढून गावी परतलेल्या एका चाकरमान्याच्या ट्रंकेत, नाट्यपदांच्या तबकड्यांच्या तळाशी, ती मला मिळाली. लेबल कोलंबियाचे आहे, तबकडी कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात तयार झाली आहे, आणि तिच्यावर वाजतो तो ट्रम्पेट चिक चॉकलेट यांचा आहे. चिक चॉकलेट म्हणजे बार्देशातल्या हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ. येथून तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्या ओलांडल्या की त्यांचा मुलूख लागतो. अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत होते, आणि १९४०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद वाजत असे. या एका तबकडीमुळे मी आर्मस्ट्राँगपर्यंत मागे गेले, आणि तेथे गेल्यावर कळले की ज्या कंपन्यांनी ते संगीत प्रथम टिपले त्यांपैकी बहुतेक केव्हाच बंद पडल्या आहेत. मग कंपनी बुडाल्यावर तिचे संगीत नेमके कशात शिल्लक राहते, हा प्रश्न मला पडला, आणि आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

आधी त्या काळी तबकडी कशी तयार होत असे ते पाहू. वादक कर्ण्यासमोर, आणि १९२५नंतर मायक्रोफोनसमोर, वाजवत. त्यांच्या आवाजाच्या कंपनांनी मेणाच्या जाड चकतीवर खाच कापली जाई. त्या मेणावर विद्युत्प्रक्रियेने तांब्याचा थर चढवून धातूचा साचा काढला जाई. आणि त्या साच्यापासून पुढचे साचे करून लाखेच्या मिश्रणावर हजारो तबकड्या दाबल्या जात. मेणाची चकती तर पुन्हा घासून वापरत. म्हणजे मूळ असे जे काही म्हणावे ते फक्त धातूच्या साच्यात असे. साचा सुरक्षित असेल तर पन्नास वर्षांनीही त्यावरून स्वच्छ प्रत काढता येते. परंतु कंपनी दिवाळखोरीत निघाली की तांब्याला भाव येतो आणि संगीताला कोणी विचारत नाही.

पॅरामाउंट या लेबलाचे असेच झाले. ही कंपनी मुळात संगीताची नव्हती. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात खुर्च्या तयार करणाऱ्या एका कारखान्याने ग्रामोफोनच्या पेट्या करायला घेतल्या, आणि पेट्या खपाव्यात म्हणून तबकड्या काढल्या. त्यामुळे माल हलका वापरला गेला आणि त्यांच्या नव्या तबकडीतूनही खरखर ऐकू येत असे. तरीही मा रेनी यांचे गाणे आणि त्यांच्या साथीला १९२४मध्ये वाजवणारे तरुण आर्मस्ट्राँग आपल्याला याच लेबलावर भेटतात. १९२९च्या मंदीनंतर कंपनी टिकली नाही, आणि तिचे बहुतेक साचे मोडीत गेले. संतापलेल्या कामगारांनी साचे नदीत फेकले अशी एक कथा संग्राहकांत फिरते, आणि तिच्यावर विश्वास ठेवून पाणबुड्यांनी नदीचा तळही शोधला आहे. हाती काही लागले नाही.

जेनेट या लेबलाची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. इंडियाना राज्यातील रिचमंड गावात स्टार नावाच्या पियानो कंपनीच्या आवारात, रेल्वेमार्गाला खेटून, त्यांचे ध्वनिमुद्रणगृह होते, आणि गाडी जाऊ लागली की मुद्रण थांबवावे लागे. तेथे एप्रिल १९२३मध्ये किंग ऑलिव्हर यांचा वाद्यवृंद आला, आणि त्या वाद्यवृंदात दुसरा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखेच एक वाद्य, वाजवणाऱ्या आर्मस्ट्राँग यांचे वादन प्रथमच तबकडीवर उमटले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या वाद्यवृंदाने जेनेटसाठी आणखी काही बाजू वाजवल्या. त्यांपैकी ‘झुलूज् बॉल’ ही बाजू ज्या तबकडीवर आहे तिची जगात एकच प्रत ज्ञात आहे. साचा नाही, दुसरी प्रत नाही. आज आपण त्या बाजूचे कोणतेही पुनर्प्रकाशन ऐकले, एलपीवर (म्हणजे नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या प्लॅस्टिकच्या तबकडीवर), सीडीवर किंवा इंटरनेटवर, तरी ते त्या एका झिजलेल्या तबकडीतूनच आलेले असते. कोणी एका अनामिक घराने ती फेकून दिली असती तर ती तीन मिनिटे या पृथ्वीवरून नाहीशी झाली असती. हे मला कळले त्या दिवसापासून मी ट्रंकेतली एकही तबकडी ‘फालतू’ म्हणून बाजूला टाकलेली नाही.

आता पुनर्प्रकाशनांविषयी, ज्यांना संग्राहक सरळ ‘रिइश्यू’ म्हणतात. १९५३मध्ये बिल ग्रावर आणि ऑरिन कीपन्यूज या दोन जॅझवेड्यांनी न्यूयॉर्कमध्ये रिव्हरसाइड हे लेबल सुरू केले ते मुळात पॅरामाउंट आणि जेनेटचे जुने संगीत पुन्हा लोकांसमोर आणण्यासाठी. पुढे थेलोनियस मंक आणि बिल एव्हान्स या पियानोवादकांचे नवे संगीत त्यांनी काढले, आणि १९६४मध्ये त्यांचीच कंपनी दिवाळखोरीत निघाली. परंतु येथे एक फरक आहे. तोवर ध्वनिमुद्रण चुंबकीय फितीवर होऊ लागले होते, आणि रिव्हरसाइडच्या फिती मोडीत गेल्या नाहीत. त्या एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकल्या जात १९७२मध्ये फँटसी या कंपनीकडे पोहोचल्या, आणि १९८०च्या दशकात ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ या मालिकेतून स्वस्तात पुन्हा बाजारात आल्या. म्हणून रिव्हरसाइडचे संगीत हवे असेल तर मूळ प्रतीसाठी हजारो रुपये मोजण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या मालिकेतील एलपी फितीवरूनच तयार झालेली आहे. पॅरामाउंट आणि जेनेटच्या बाबतीत मात्र रिइश्यूची किंमत एकाच गोष्टीवर ठरते, आणि ती म्हणजे कोणाची तबकडी वापरली आणि ती कोणी वाजवली.

म्हणून मी रिइश्यूच्या वेष्टनाची मागची बाजू आधी वाचते. ध्वनिरूपांतर करणाऱ्याचे, म्हणजे जुनी तबकडी वाजवून तिचा आवाज उतरवून घेणाऱ्याचे, नाव आणि मूळ मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडीवर कोरलेला मुद्रणाचा क्रमांक, तेथे दिले असतील तर मी विश्वासाने घेते. इंग्लंडमधील जॉन आर. टी. डेव्हिस यांचे नाव दिसले तर विचारच करत नाही. तबकडीतला एखादा खटका काढण्यासाठी हा मनुष्य फितीवरचा तेवढाच कण हाताने खरवडून काढत असे, आणि भोवतालच्या सुरांना धक्का लावत नसे. उलट केवळ देखणे चित्र, जाड एलपी आणि आत एका शब्दाचीही माहिती नाही, असे असेल तर ती जुन्या सीडीवरूनच छापलेली असण्याची शक्यता मोठी असते. खरखर पूर्ण पुसून टाकणाऱ्या रिइश्यूंपासूनही मी दूर राहते, कारण खरखरीबरोबर झांजेचा आणि कॉर्नेटच्या श्वासाचा आवाजही जातो.

आता आपल्या किनाऱ्यावरच्या अडचणीकडे येते. (तबकडी कॅमेऱ्याजवळ धरून) ही तबकडी प्लॅस्टिकची नाही. हिच्यात दगडाची पूड आणि काजळी आहे, आणि त्यांना धरून ठेवणारी लाख आहे. तीच लाख, जी सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर चढत आली. त्या काळी जगाला लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जात असे, त्यामुळे विस्कॉन्सिनच्या तबकडीतही आपल्याकडच्या रानातली लाख असणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या महायुद्धाने हा पुरवठा अडवला तेव्हा, १९४२मध्ये, अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली, आणि लोकांनी जुन्या तबकड्या वितळवण्यासाठी परत दिल्या. त्यात काय काय गेले याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आपल्या सुतारांना विचारा, पॉलिश करण्यासाठी ते चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, कशात विरघळवतात? स्पिरिटमध्ये. म्हणून ७८ फेऱ्यांच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. मी हे चुकून शिकले. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात आलेली बुरशी मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, आणि ओडियन लेबलाच्या एका नाट्यपदाची चकाकी माझ्या डोळ्यांदेखत गेली. त्या खाचांतून आता नुसता वाऱ्यासारखा आवाज येतो. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने फिरवायचा, कागदी लेबल कोरडे ठेवायचे आणि सावलीत वाळवायचे, एवढे पुरते.

वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात तबकड्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवल्या की आषाढातच लेबलांवर पांढरी बुरशी धरते. माझे कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आहे, जमिनीपासून उचललेले आहे, आणि त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आहेत. तबकड्या कागदी पाकिटांत उभ्या ठेवलेल्या आहेत. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, आणि आडव्या रचल्या की खालच्या तडकतात. उन्हात वाळवण्याचा मोह होतो, पण लाख उष्णतेने वाकडी होते.

वाजवण्यासाठी सुई निराळी लागते. एलपीची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉनची असते, तर या तबकड्यांना सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घरंगळते आणि केवळ कचरा ऐकवते. जुन्या ग्रामोफोनचे डोके शंभर ग्रॅमहून जड असते, म्हणून दुर्मीळ तबकडी त्यावर लावू नये, मग तो कितीही देखणा असो.

आपल्या घरी माळ्यावर अशी ट्रंक असेल तर ती झटकण्यापूर्वी एक काम करावे. प्रत्येक तबकडीच्या लेबलाचे छायाचित्र घ्यावे, आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत काळ्या पट्ट्यावर तिरका उजेड पाडून तेथे कोरलेला क्रमांक लिहून ठेवावा. लेबलावर छापलेला क्रमांक दुकानासाठी होता. कोरलेला क्रमांक त्या दिवशीच्या मुद्रणाचा आहे, आणि काही वेळा त्याच्या शेवटी एक छोटा आकडा असतो, जो वादकांनी तीच रचना कितव्यांदा वाजवली ते सांगतो. (तबकडी तिरकी करून) हिच्यावर तो पुसट आहे, पण बॅटरीच्या उजेडात वाचता येतो.