पट्टीवरची एक ओळ

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत साखरपुडा ते लग्न हे दिवस टपालाच्या भरवशावर जायचे. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी इथे दानाओळीत. पत्र आधी कुणाच्या हाती पडेल याचा नेम नसायचा. आजोबांच्या हाती पडलं, तर ते उघडलंच म्हणून समजा. त्यामुळे सुरुवात वडीलधाऱ्यांना साष्टांग नमस्कारानं, मग पाऊसपाणी, मामांची तब्येत. आणि निळ्या आंतर्देशीय पत्रातली जागा संपली, की डिंकाच्या पट्टीशेजारी, आडवी, बारीक अक्षरात एक ओळ: 'इथे रस्त्यात हिरव्या साडीतलं कुणी दिसलं, की उगाच थांबतो.' सगळं पत्र त्या एका ओळीसाठी लिहिलेलं असायचं! आजोबांनीही ती वाचलेली असायची. पण ते काही बोलत नसत.

मला या आडवळणाचं फार अप्रूप आहे. चारचौघांदेखत, कुणाची मर्यादा न मोडता मनातलं पोचवायचं, तर शब्द पारखून घ्यावे लागत. उखाण्याचंही तेच. जे नाव एरवी ओठांवर यायचं नाही, ते भरल्या मांडवात, यमकात घ्यायचं, आपल्या बाड्याच्या चौकातलं टपालघरही त्यात गुंफून:

बाड्याच्या टपालघरी पत्रांची रास,
...रावांच्या अक्षराचा जिवाला ध्यास.

ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली गेले. नवराबायकोच्या प्रेमावर, त्यातल्या रुसव्याफुगव्यावर त्यांनी त्या काळात किती मोकळेपणानं लिहिलं!

आजच्या मुलामुलींविषयी माझी तक्रार नाही. आज मुलगी समोरासमोर 'नाही' म्हणू शकते, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. तेव्हा कितीजणींना ते जमलंच नाही. पण मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आलं नाही, की आज पाच मिनिटांत जीव कासावीस होतो. तेव्हा आठ-आठ दिवस वाट पाहताना जुनंच पत्र पुन्हा काढून वाचलं जायचं, आणि दर वेळी त्यात काहीतरी नवीन सापडायचं.

हल्ली उखाणेही मोबाइलमध्ये बघून म्हणतात. ऐकताना वाईट वाटतं. यमक चोख असतं, पण त्यात ते माणूसच नसतं. ज्यांचं लग्न ठरलंय, त्यांनी एवढं तरी करा: उखाणा स्वतः जुळवा. त्याला चहा कसा लागतो, ती रागावली की काय करते, ते त्यात येऊ द्या. यमक जरा चुकलं, तरी मांडवातल्या आत्या-मावश्या सांभाळून घेतील.