सोंगाआडचा सूर : ‘द मंकीज’चे काही भाग

सप्टेंबर 1965 मध्ये हॉलिवूडच्या व्यावसायिक वृत्तपत्रांत एक जाहिरात प्रसिद्ध झाली. नव्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी 17 ते 21 वर्षांची, गाणारी-वाजवणारी आणि अभिनयाला तयार असलेली चार ‘वेडी’ मुले हवी आहेत, असा तिचा आशय होता. शेकडो उमेदवारांमधून डेव्ही जोन्स, मिकी डोलेन्झ, मायकेल नेस्मिथ आणि पीटर टॉर्क या चौघांची निवड झाली आणि 12 सप्टेंबर 1966 रोजी एनबीसी वाहिनीवर ‘द मंकीज’ सुरू झाली. समुद्रकिनाऱ्यावरच्या घरात राहणारा, कामाच्या शोधात वणवण करणारा आणि भाडे थकवणारा एक रॉक बँड, एवढेच तिचे कथासूत्र होते. दोन वर्षांत या मालिकेचे 58 भाग झाले.

त्यांतील कोणते भाग आजही आठवतात, हे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. कथा चोख बांधलेले भाग बहुतेक विस्मरणात गेले आहेत. लक्षात राहिले ते सोंगाची शिवण उसवून दाखवणारे.

याची सुरुवात मालिका प्रसारित होण्याआधीच झाली होती. नमुना भाग निवडक प्रेक्षकांना दाखवला तेव्हा तो साफ पडला. हे उनाड, लांब केसांचे तरुण कोण आहेत आणि आपण त्यांच्यावर माया का करावी, हे त्या प्रेक्षकांना उमगेना. मालिकेचे एक निर्माते बॉब राफेल्सन यांनी त्या भागाचे पुन्हा संकलन केले आणि त्यात डेव्ही व मायकेल यांच्या निवडचाचणीची चित्रफीत जोडली. त्या चित्रफितीत ही मुले कोणतीही भूमिका न करता, स्वतःच्याच तोऱ्यात प्रश्नांना उत्तरे देत होती. पुढच्या चाचणीत तोच भाग प्रेक्षकांनी उचलून धरला, आणि नोव्हेंबर 1966 मध्ये तो दहावा भाग म्हणून दाखवण्यात आला.

निर्मात्यांनी हा धडा गिरवला. एखादा भाग मिनिटभराने तोकडा पडला की राफेल्सन कॅमेऱ्यामागून चौघांशी गप्पा मारत आणि ती मुलाखत शेवटी जोडली जाई. अशाच एका गप्पांमध्ये, नुकत्याच गमतीजमती करून थांबलेली ही मुले लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर तरुणांनी केलेल्या निदर्शनांविषयी बोलतात. सोंगाड्याने मध्येच प्रेक्षकांकडे वळून बोलण्याचे नवल वगनाट्य पाहत वाढलेल्या मराठी माणसाला वाटणार नाही. त्या काळच्या अमेरिकन विनोदी मालिकांत मात्र हे धाडसाचेच होते.

मालिकेला 1967 मध्ये सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला आणि ‘रॉयल फ्लश’ या पहिल्या भागासाठी जेम्स फ्रॉली यांना दिग्दर्शनाचा. तरीही एक टोमणा पाठ सोडत नव्हता : ही पोरे वाजवतच नाहीत. त्यात तथ्य होते. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत आवाज या मुलांचे असले, तरी वादन बहुतांशी स्टुडिओतील व्यावसायिक वादकांचे होते. गंमत अशी की, पीटर टॉर्क न्यू यॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये बँजो आणि गिटार वाजवत घडलेला कसलेला वादक होता; मालिकेत मात्र त्याच्या वाट्याला भोळ्या बावळटाची भूमिका आली होती.

एप्रिल 1967 मध्ये दाखवलेल्या पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात कथा जवळजवळ नाहीच. फिनिक्स शहरातील त्यांच्या खऱ्याखुऱ्या मैफलीचे ते चित्रण आहे. किंकाळ्यांच्या कल्लोळात पीटर एकटा बँजो वाजवताना दिसतो आणि त्या टोमण्याला परस्पर उत्तर मिळते. त्याच वर्षी संगीत निर्मितीचा ताबा मिळवून चौघांनी एका संपूर्ण ध्वनिमुद्रिकेतील मुख्य वादन स्वतः केले.

माझ्या मते मालिकेचा सर्वोत्तम भाग 5 फेब्रुवारी 1968 रोजी प्रसारित झाला. पीटर एका गहाणवटीच्या दुकानातील हार्प या मोठ्या तंतुवाद्यावर भाळतो. पैसे नसल्यामुळे तो एका करारावर सही करतो, आणि दुकानदार झिरो हा प्रत्यक्ष सैतान असल्याने त्या सहीबरोबर पीटरचा आत्माच गहाण पडतो. पुढे खटला उभा राहतो. पीटरला वादनाची शक्ती मीच दिली, असे सैतान सांगतो. त्यावर मायकेलचा प्रतिवाद असा, की ही शक्ती मुळातच पीटरच्या ठायी आहे, कारण त्याचे संगीतावर प्रेम आहे. सैतान आपली शक्ती काढून घेतो. न्यायालय स्तब्ध होते. पीटर हार्पवर बोटे ठेवतो आणि वाजवू लागतो. ‘तुम्हाला वाजवता येत नाही’ हे ज्याला अमेरिकेने दीड वर्ष ऐकवले, त्याच्यावरच हा प्रसंग बेतला आहे, म्हणून तो विनोदी मालिकेच्या आवाक्यापलीकडे जातो. याच भागात ‘नरक’ हा शब्द वाहिनीच्या धोरणामुळे दुसऱ्याच एका आवाजाखाली दडपला जातो आणि दूरचित्रवाणीवर तो शब्द उच्चारताही येत नाही, हेच जास्त भयंकर असल्याचा शेरा मिकी मारतो.

दुसऱ्या पर्वात असा खोडसाळपणा वाढत गेला. एका परीकथेत नेस्मिथने तिरसट राजकन्येचे काम केले. नाताळच्या भागात वाद्यांविना एक जुने स्पॅनिश गीत गाऊन झाल्यावर पडद्यामागची मंडळी कॅमेऱ्यासमोर आली.

शेवटचा भाग 25 मार्च 1968 चा. दिग्दर्शक होता स्वतः मिकी डोलेन्झ. त्यात एक दुष्ट जादूगार दूरचित्रवाणी संचातून लोकांना संमोहित करतो आणि पीटर पडद्यासमोर थिजलेला आढळतो. स्वतः दूरचित्रवाणीने घडवलेल्या मुलांनी निरोप घेताना तिच्यावरच रोखलेले हे बोट आहे. कथा संपते, पण भाग तिथे थांबत नाही. टिम बकली हा तरुण गायक गिटार घेऊन बसतो आणि तोवर कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत न आलेले आपले गाणे एकटाच गातो. हशा नाही, पळापळ नाही. चौघांपैकी कोणीही पडद्यावर नाही.