पाहुण्यांसाठी शार्क्युटरी बोर्ड: लियोंच्या पद्धतीने, आपल्या घरी

नमस्कार मंडळी! आज गॅस जवळजवळ पेटवायचाच नाही. संध्याकाळी सहा माणसं येणार आहेत, जेवायला अजून दीड-दोन तास आहेत, आणि गप्पा मारता मारता सगळ्यांनी हाताने उचलून खावं असं काहीतरी मध्ये ठेवायचंय. त्यासाठी शार्क्युटरी बोर्ड, फ्रान्समधल्या लियों शहराच्या पद्धतीचा. मीठ लावून मुरवलेलं, वाळवलेलं किंवा चरबीत शिजवलेलं मांस, जोडीला चीज, ब्रेड आणि काहीतरी आंबट. एवढंच असतं ते.

या बोर्डांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. सलामी सॉसेजच्या चकत्यांची गुलाबाची फुलं, चॉकलेट, चिप्स, सात प्रकारची बिस्किटं, आणि खालचं लाकूड कुठेच दिसत नाही. मला तो प्रकार पटत नाही. त्यात डोळ्यांसाठी खूप काही असतं, पण चौथ्या घासानंतर हात आपोआप थांबतो. कारण मांस खारट आणि चरबीयुक्त, चीज खारट आणि चरबीयुक्त, वरून चिप्सही तशाच. जिभेला सुटका कुठे आहे?

आपल्या पानात डावी बाजू का असते? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. वाढायला चमचाभर, पण तेवढ्याच्या जोरावर उजव्या बाजूची पुरणपोळी आणि भजी पोटात जातात. या बोर्डालाही डावी बाजू लागते. म्हणून आज मी मांसापासून सुरुवात करणार नाही, आंबटापासून करणार आहे.

[कॅमेरा रिकाम्या बोर्डावर. दोन छोट्या वाट्या ठेवायच्या.]

पहिली वाटी कॉर्निशोंची. करंगळीएवढ्या कोवळ्या काकड्या, व्हिनेगरमध्ये घातलेल्या. फ्रान्समध्ये पाते (बारीक वाटलेल्या मांसाचा पदार्थ) किंवा सॉसेज मागवलंत की या बाजूला असतातच. आणि गंमत बघा, फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या या काकड्यांचा मोठा वाटा भारतातून जातो. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूतले शेतकरी त्या पिकवतात. आपल्याकडे बाटलीवर 'घर्किन' असं लिहिलेलं असतं. घेताना मागची यादी वाचा: साखर वरच्या क्रमांकावर असेल तर ती बाटली ठेवून द्या. गोड काकडी इथे काहीच काम करत नाही.

दुसरी वाटी मोहरीची. दिजों मस्टर्ड, त्यातही दाणे दिसणारी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर मोहरी रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा, मीठ घाला, मिक्सरमध्ये अर्धवट फिरवा. आणि लगेच चाखू नका, त्या दिवशी ती कडवट लागते. दोन दिवस ठेवा, मग खा.

आता मांसाकडे येऊ. मी आज लियों शहराचा बोर्ड निवडलाय. ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावरचं हे शहर डुकराच्या मांसाच्या पदार्थांसाठी फ्रान्समध्ये नावाजलेलं आहे. तिथल्या मोठ्या बंदिस्त बाजाराला पॉल बोक्यूझ या लियोंच्याच शेफचं नाव दिलंय, आणि तिथल्या शार्क्युटरीच्या दुकानांत छताला टांगलेले सॉसेज बघत माणूस तासभर उभा राहू शकतो.

त्यातला पहिला, सोसिसों सेक, म्हणजे वाळवलेला सॉसेज. लियोंच्या लांबट सॉसेजला 'रोझेत' म्हणतात, आणि जाडजूड, नाशपातीच्या आकाराच्या, दोऱ्याने आवळलेल्या सॉसेजला 'जेझू'. दोन्हींची पद्धत एकच. डुकराचं मांस आणि घट्ट चरबी जाडसर चिरायची, मीठ, मिरी, कधी लसूण लावायचा, आणि आतड्याच्या नळीत भरायचं. आधी काही दिवस थोडं उबदार ठेवतात, तेव्हा लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू ते मांस आंबवतात. मग थंड, हवेशीर जागी आठवडेच्या आठवडे टांगून ठेवतात. जेझू जाड असतो, म्हणून त्याला जास्त वेळ लागतो.

इथे बरेच जण विचारतात: हे शिजवलेलं नाही, मग खायचं कसं? उत्तर त्या पद्धतीतच आहे. मीठ आत गेलंय, पाणी बाहेर आलंय, आंबटपणा वाढलाय. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की घातक जिवाणूंना वाढायला जागा उरत नाही. सालीवर पांढरी भुकटी दिसते ती एक निरुपद्रवी बुरशी असते, मुद्दाम वाढवलेली. घाबरू नका. जाड साल असेल तर सोलून टाका आणि तिरक्या, पातळ चकत्या कापा. दोन-तीन मिलिमीटर. जाड कापलीत तर नुसतं चघळत बसावं लागतं.

दुसरं, वाळवलेला हॅम, म्हणजे डुकराची मांडी. फ्रान्सच्या नैऋत्येकडचा बायोनचा हॅम घ्या, किंवा इटलीतल्या पार्माचा. बायोनचा किमान सात महिने मुरवतात, पार्माचा वर्षाहून जास्त. पार्माच्या हॅममध्ये डुकराची मांडी आणि मीठ यापलीकडे काही घालायला परवानगीच नाही. तो इतका पातळ हवा की पलीकडची बोटं दिसावीत. घरी सुरीने तसं कापणं अवघड आहे, म्हणून दुकानातच मशीनवर कापून आणा, त्याच दिवशी. बोर्डावर मांडताना सपाट पसरू नका. एकेक काप उचलून सैल दुमडून ठेवा, म्हणजे हाताने एकच उचलता येतो आणि चिकटून चार येत नाहीत.

तिसरं माझं सगळ्यात लाडकं: रियेत. डुकराचं मांस त्याच्याच चरबीत मंद आचेवर कित्येक तास शिजवायचं, इतकं की काट्याने दाबलं तरी धागे सुटतात. मग ते धागे चरबीसकट कालवून थंड करायचे. हा मूळचा लुआर नदीच्या खोऱ्यातला पदार्थ, तूर आणि ल मान्स या गावांचा. लियोंचा नाही, पण मी तो घेते, कारण बोर्डावर काहीतरी ब्रेडला फासायला हवंच. आयात केलेला महाग पडतो. घरी डुकराच्या खांद्याचं मांस, तमालपत्र, मिरी, मीठ आणि चरबी घेऊन जाड बुडाच्या भांड्यात करता येतो.

तीन प्रकार पुरे. खरंच पुरे. सहा माणसांना जेवणाआधी मांस एकूण साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे माणशी साठ ग्रॅमच्या आत. बोर्डच जेवण असेल तर दुप्पट. आणि हे रोज खायचं अन्न नाही, हेही सांगते: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गटात टाकलंय. सणासुदीला, पाहुण्यांसोबत, थोडं.

आता गोव्याचा विषय, कारण कमेंटमध्ये हा प्रश्न येणार म्हणजे येणारच. "चोरिस ठेवू का?" ठेवा, जरूर ठेवा, पण शिजवून. गोव्याचा चोरिस हा पोर्तुगीजांच्या शोरिसू या सॉसेजचा वंशज. मिरची, लसूण, मसाले आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला, माळेसारखा बांधून वाळवलेला. दिसायला वाळलेल्या सॉसेजसारखा असला, तरी तो शिजवूनच खायचा पदार्थ आहे. कच्च्या चकत्या कापून बोर्डावर मांडायच्या नाहीत. नळी सोडवून आतलं मांस कांद्याबरोबर मंद आचेवर परता, स्वतःच्याच चरबीत शिजू द्या, आणि गरम असताना छोट्या वाटीत बोर्डाच्या कडेला ठेवा, सोबत पोई, म्हणजे गोव्याचा पाव. आज गॅस पेटवायचा तो मुख्यतः एवढ्यासाठीच. आणि खरं सांगू? पाहुण्यांमध्ये कोणी गोव्याचं असेल तर बाकीचा बोर्ड बाजूला राहील.

[चीज दाखवायचं. एकेक हातात घेऊन.]

चीज दोन-तीन प्रकारचं, एकूण तीनशे ग्रॅमच्या आत. एक कडक, एक मऊ. कडक म्हणून कोंते: फ्रान्सच्या पूर्वेकडचं, स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या डोंगरांतलं, कमीत कमी चार महिने मुरवलेलं. मऊ म्हणून सँ-मार्सलँ, लियोंजवळचं, तळहातात मावेल एवढं. आपल्याकडे ते सहसा मिळत नाही, तर ब्री घ्या. आता भारतातही चांगलं चीज होतंय, मुंबई-पुण्यात करणारेही आहेत; ब्रीसाठी परदेशी डब्याच्याच मागे लागायची गरज नाही.

कापायची रीत. ब्रीच्या त्रिकोणी तुकड्याचं टोक आडवं छाटू नका. सगळ्यात मऊ भाग तिथेच असतो, तो एकाच माणसाला जातो आणि शेवटच्याला नुसती साल उरते. टोकापासून सालीपर्यंत उभे, लांब काप करा. कोंतेच्या बोटाएवढ्या कांड्या करा. ब्रीची पांढरी साल खातात, कोंतेची सहसा खात नाहीत. आणि प्रत्येक चीजला वेगळी सुरी, हे विसरू नका.

फ्रिजमधून चीज अर्धा-पाऊण तास आधी काढा. थंडगार चीजला चवच नसते. मांस मात्र दहा-पंधरा मिनिटंच आधी. हे युरोपातल्या खोलीच्या तापमानाचं गणित नाही, आपल्या एप्रिल-मे महिन्याचं आहे. साधारण नियम असा की असे पदार्थ बाहेर दोन तासांहून जास्त ठेवायचे नाहीत, आणि खोली ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात उचलायचे. म्हणून सगळं एकदम मांडू नका. अर्धं मांडा, अर्धं फ्रिजमध्ये ठेवा, संपलं की भरा.

आता शाकाहारी पाहुणे. यावर मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या घरात हा प्रश्न नक्की येतो आणि बहुतेक व्हिडिओंत तो एका वाक्यात उरकतात. "चीज आहे ना, ते खा," असं म्हणून भागत नाही. कोंते, रोकफोर, पार्मेझान यांसारखी पारंपरिक चीज करताना दूध विरजायला रेनेट वापरतात, आणि ते वासराच्या पोटातून मिळतं. जो माणूस शाकाहार मनापासून पाळतो त्याला हे आधी सांगायलाच हवं. भारतात बनणाऱ्या बहुतेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं. पाकिटावर हिरवा ठिपका बघा. आणि त्यांचा बोर्ड वेगळा करा. वेगळं लाकूड, वेगळ्या सुऱ्या, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. एकाच बोर्डावर मध्ये द्राक्षांची रांग लावून भागवायचं नाही.

त्या बोर्डाचा राजा कोण, तर लियोंचाच एक पदार्थ, सर्व्हेल द कानू. कानू म्हणजे लियोंचे रेशीम विणणारे कामगार, क्रुआ-रूसच्या टेकडीवर राहणारे. त्यांच्या नावाचा हा पदार्थ ताज्या मऊ चीजमध्ये छोटा कांदा, लसूण, चिरलेली कोवळी पात, पार्सली, थोडं व्हिनेगर आणि तेल घालून करतात. आपल्याकडे श्रीखंडाचा चक्का त्यासाठी उत्तम! अर्धा किलो चक्का, एक बारीक चिरलेला छोटा कांदा, लसणाची एक पाकळी, मूठभर कांद्याची कोवळी पात आणि पार्सली, दोन चमचे ऑलिव्ह तेल, एक चमचा व्हिनेगर, मीठ, मिरी. चक्का आंबट असेल तर व्हिनेगर कमी. दोन तास फ्रिजमध्ये मुरू द्या. हा मी मांसाच्या बोर्डाशेजारीही ठेवते, आणि तिथेही आधी तोच संपतो.

आणखी दोन प्रश्न पाहुण्यांना बोलावतानाच विचारून घ्या. कोण डुक्कर खात नाही, कोण गाय-बैलाचं मांस खात नाही. ब्रेसाओला हा वाळवलेल्या मांसाचा प्रकार गोमांसाचा असतो, आणि काही सलामींमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं. पाकीट फेकायच्या आधी वाचा. आणि कोणी गरोदर असेल तर न शिजवलेलं वाळवलेलं मांस, पाते आणि ब्रीसारखं मऊ चीज तिच्यासाठी नाही. लिस्टेरिया नावाच्या जिवाणूचा धोका असतो. तिच्यासाठी कडक चीज आणि फळं वेगळ्या बशीत काढा, तिला मागावं लागू नये.

ब्रेड. बॅगेत, म्हणजे फ्रान्सचा लांब ब्रेड, मिळाला तर त्याच दिवशीचा. नाही मिळाला तर इराणी बेकरीतला ब्रून पाव. पातळ काप करून तव्यावर कोरडे भाजून घ्या. त्याची कडक साल या बोर्डाला शोभते. साधा लादी पाव नको, तो मऊ असतो आणि रियेतखाली बसतो. जिरं-मसाल्याची बिस्किटंही नकोत.

फळं मोसमातली. नाशिकची द्राक्षं, आणि पुरंदरचे अंजीर असतील तर फारच छान. पिकलेला अंजीर अर्धा करून त्यावर हॅमचा एक काप टाका. गोड आणि खारट यांची ही जोडी इटलीत वर्षानुवर्षं खाल्ली जाते. अक्रोड मूठभर, कोरडे भाजून. प्यायला लियोंत बोजोले वाइन असते, किंचित थंड. जे पीत नाहीत त्यांना बिनसाखरेचं कोकम आगळ सोड्यात, चिमूटभर मीठ. तीही डावी बाजूच झाली.

[मांडणी, वरून कॅमेरा.]

मांडायचा क्रम: आधी वाट्या, मग चीज एकमेकांपासून लांब, मग मांस, शेवटी मोकळ्या जागेत फळं आणि अक्रोड. ब्रेड बोर्डावर नको, बाजूच्या टोपलीत. लाकूड जरा दिसू द्या, म्हणजे हात घालायला जागा राहते. कॉर्निशों आणि रियेत शेजारी शेजारी ठेवा. लोकांना सांगावं लागत नाही.

उरलं तर चीज प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, बटर पेपरमध्ये ठेवा. न कापलेला सोसिसों कापडात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात. दोन तास बाहेर राहिलेलं मांस दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायचं नाही. फ्रिजमध्ये मागे ठेवलेल्या हॅमचे तुकडे मात्र सकाळी अंड्यात घाला, आणि मीठ घालू नका, त्या हॅममध्ये पुरेसं आहे.

तुमच्या शहरात यातलं काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते कमेंटमध्ये शहराच्या नावासकट लिहा.